गुरुवारच्या खोलीचं मागचं दार

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक डॉ. श्रीपाद आजगावकर साहेब. प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या, पलीकडच्या टेकडीवरच्या महाविद्यालयाच्या प्राचार्या सुनीती कामत मॅडम. ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते आमच्या एचआयव्ही तपासणी केंद्राचे समुपदेशक गुरुप्रसाद नेरूरकर सर. पहिल्या रांगेत बसलेल्या आणि भाषणं लांबली तर कोल्हापूरची गाडी चुकेल या काळजीत असलेल्या सरांच्या पत्नी चारुतावहिनी. माझे सर्व सहकारी, विद्यार्थी, आणि मागे दाराशी उभे राहूनच ऐकणार असं ठरवून आलेले आपले शिपाई धोंडूमामा, आपणा सर्वांना नमस्कार.

मी संचिता मेस्त्री. सरांच्या केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. माझ्या आधी पाच जण बोलले. सर किती प्रेमळ आहेत, किती मनमिळाऊ आहेत, हे पाचही जणांनी सांगितलं. एकच नमुना पाच जणांनी तपासला आणि निकाल एकच आला, तर सहाव्यांदा तपासण्यात अर्थ नसतो. म्हणून मी दुसरं काहीतरी सांगते.

मला सरांचा हेवा वाटतो.

निरोप समारंभात असं बोलायची रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हार घालून झालेला आहे, शाल देऊन झालेली आहे, आणि सर आता खुर्चीवरून उठून जाऊ शकत नाहीत. अशी संधी पुन्हा मिळायची नाही.

ज्यांनी आमचं केंद्र आतून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडी रचना सांगते, कारण पुढचं सगळं त्या रचनेवर उभं आहे. आमच्या दोन खोल्या आहेत. पुढची माझी. तिला एक खिडकी आहे आणि ती बाह्यरुग्ण विभागाच्या मोठ्या ओट्यावर उघडते, जिथे केसपेपरसाठी सकाळपासून रांग असते. मागची खोली सरांची. दोन्हींच्या मध्ये एक पातळ भिंत आणि एक आतलं दार. सरांच्या खोलीला आणखी एक दार आहे. ते मागे फणसाखाली उघडतं. तिथून पंपाच्या खोलीला वळसा घातला की माणूस सरळ एसटी स्टँडच्या रस्त्याला लागतो. ओट्यावरच्या रांगेला तो दिसत नाही.

या दाराला एवढं महत्त्व का? आपण सगळे इथलेच आहोत. ओट्यावर एखादा अनोळखी मुलगा दिसला तर आपण काय करतो? "काय रे, खंयचो तू? कोणाचो झिल?" गाव कुठलं आणि मुलगा कोणाचा, दोनच प्रश्न. तिसरा विचारायची गरज पडत नाही, कारण तोवर त्याची आत्या कुठे दिली आहे तेही आपल्याला आठवलेलं असतं. आपुलकीनेच विचारतो आपण. पण ज्या मुलाला एचआयव्हीची तपासणी करायची आहे, आणि ती का करायची आहे हे त्याने घरीही सांगितलेलं नाही, त्या मुलाला ही आपुलकी ओलांडून माझ्या खिडकीपर्यंत येता येत नाही. तो मागच्या दाराने येतो. दर गुरुवारी दुपारी, रांग संपल्यावर, ते दार फक्त कॉलेजच्या मुलांसाठी उघडं असतं. सरांनी ही प्रथा पाडली.

येत्या सोमवारपासून ते दार बंद होणार आहे. सर गेले, नवीन समुपदेशक कधी येणार ते माहीत नाही, तोवर ती खोली सलाईनच्या खोक्यांसाठी वापरायची असं ठरलं आहे. मागच्या दाराला आतून मांडणी लागेल. हे मी आत्ता फक्त सांगून ठेवते. शेवटी पुन्हा त्याच्याकडे येईन.

आता हेव्याकडे.

कामाची वाटणी सोपी आहे. रक्त माझ्याकडे, बोलणं सरांकडे. मुलगा आधी सरांशी बोलतो, मग आतल्या दाराने माझ्याकडे येऊन हात पुढे करतो, मग परत जातो. मी चाचणी लावते. त्या पट्टीवर एक कंट्रोल रेषा असते. ती उमटली नाही तर चाचणी बाद. ती उमटली तर तिच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. सगळ्यांचं लक्ष दुसऱ्या रेषेकडे. आमच्या केंद्रात ती पहिली रेषा कोण, हे मी सांगायला नको.

त्या मुलाच्या आयुष्यातली ती बातमी जगात सगळ्यांत आधी मला कळते. ती मी पाकिटात बंद करून पलीकडे देते. मग भिंतीपलीकडून आवाज येतो. भिंत पातळ आहे असं मी म्हणाले, पण शब्द कळण्याइतकी नाही. हसणं कळतं. रडणं कळतं. आणि जाताना "थँक्यू सर" कळतं, कारण ते दारात उभं राहून म्हटलेलं असतं.

मग देवगडहून हापूस येतात. सरांना. जत्रेहून खाजं येतं. सरांना. एकदा एका मुलाने वैभववाडीहून अख्खा फणस डोक्यावरून आणला, आमच्या दारातल्या फणसाखालून आणला, आणि मला विचारलं, "सर आसत?"

"सर आसत?" या दोन शब्दांवर मी एक दिवस निबंध लिहीन. आतल्या दारातून डोकं आत येतं. मला बघतं. "सर आसत?" नाहीत, म्हटलं तर, "मगे येतंय." डोकं जातं. मी इथेच असते. मी कायम इथेच असते. पण मी असणं म्हणजे सर नसणं, एवढाच माझ्या असण्याचा उपयोग.

मी उपाय केला नाही असं नाही. आरशासमोर हसण्याचा सराव केला. मग एका गुरुवारी सराव केल्याप्रमाणे हसले. सावित्री सिस्टर शेजारी होत्या. मुलगा गेल्यावर म्हणाल्या, "संचिता, हसा नको गो बाय. झिलगो घाबरलो मां. सुई टोचूच्या आधी कोण असा हसता?"

त्यानंतर मी हसणं बंद केलं. सिस्टर, तुम्ही आत्ता हसताय, तसं मला जमत नाही.

सरांना एकदा सरळ विचारलं, "तुम्ही त्यांना असं सांगता तरी काय?" सर म्हणाले, "काय नाय गो. मी गप बसतंय." आता मला सांगा, गप्प बसण्यात माझा हात कोण धरेल? मी तर वर्षानुवर्षं गप्प बसलेली आहे. तरी हापूस त्यांनाच.

आता कामत मॅडमच्या महाविद्यालयातली गोष्ट सांगते. मॅडमची परवानगी घेतली आहे, नाहीतर सांगितली नसती.

आम्ही पहिल्यांदा तिथे जागृतीच्या कार्यक्रमाची परवानगी मागायला गेलो, तेव्हा सरांनी विषय स्वच्छ सांगितला. एचआयव्ही आणि लैंगिक आरोग्य, आणि त्यात समलैंगिक, उभयलैंगिक मुलांसाठीची माहितीही, नाव घेऊन. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे तसली मुलं नाहीत." सर म्हणाले, "नसतील तर बरंच आहे मॅडम. मग ते ऐकून कुणाचं काही बिघडणार नाही." मॅडम थोडा वेळ सरांकडे बघत राहिल्या आणि त्यांनी आम्हाला सगळ्यांत मोठा वर्ग दिला. मॅडम, त्या दिवशी तुम्ही दिलेला तो वर्ग या किनाऱ्यावर फार दूरपर्यंत पोचला आहे.

सादरीकरण मी केलं होतं. ते अचूक होतं, हे मी आजही सांगते. एचआयव्ही कशाने पसरतो, कशाने पसरत नाही. संसर्गानंतर काही काळ चाचणीत तो दिसत नाही, तो काळ किती. दोन पुरुषांमधल्या संबंधात धोका जास्त का असतो आणि तो कमी कसा करायचा. एखाद्याला संसर्ग असला, पण त्याचे उपचार नियमित असले आणि रक्तातलं विषाणूचं प्रमाण मोजता न येण्याइतकं खाली टिकून राहिलं, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला होत नाही. असं सगळं. एकही चूक नव्हती. एकही मूल जागं नव्हतं. जी जागी होती ती टेबलाखाली मोबाइल बघत होती. शेवटी मी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" मागून एक आवाज आला, "नाय म्याडम, सगळा समाजला." आणि हशा.

समजलेलं काही नव्हतं. नंतर एका मुलाने सरांना सांगितलं, "एड्स बायलमाणसांकडसून होता मां? माका काय होवचा मगे?" आपल्याकडच्या भिंतींवरची चित्रं आठवा. ट्रक ड्रायव्हर, त्याची बायको, बाळ. त्या चित्रात स्वतःला न सापडलेल्या मुलाने आपण सुरक्षित आहोत असा अर्थ काढला, तर त्याचं काय चुकलं?

तर त्या वर्गात सर उठले. त्यांनी माझा प्रोजेक्टर बंद केला. न विचारता. चपला काढून बाजूला ठेवल्या, हात जोडले आणि म्हणाले, "उभे रवा. गाऱ्हाणा घालूया."

गाऱ्हाणं म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको. पण चारुतावहिनींच्या माहेरची काही मंडळी घाटावरची आहेत, त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे देवळात एक जण सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे अडचण मांडतो. तो एकेक ओळ म्हणतो, आणि प्रत्येक ओळीला सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. कुणाची अडचण कुठली, हे त्या आवाजात शोधून काढता येत नाही. सरांनी आदल्या दिवशी धोंडूमामांना विचारून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. मामा त्यांच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. मामा म्हणाले होते, "दुखणा देवाक सांगूचा नाय तर कोणाक सांगूचा? घाल तू."

सरांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा…"

वर्गाने सवयीने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

"आज ही जी काय तुझी लेकरा ह्या वर्गात जमली आसत…" "व्हय म्हाराजा!"

"कोणाचा मन चेडवार जाता, कोणाचा झिलग्यार जाता, कोणाचा दोघांवरय जाता…"

कुणाचं मन मुलीवर, कुणाचं मुलावर, कुणाचं दोघांवर: इथे आवाज अडखळला. क्षणभरच. पण गाऱ्हाण्याची एक ओळ सोडून चालत नाही, हे आपल्या मुलांच्या अंगात भिनलेलं आहे. "व्हय म्हाराजा!"

"ज्येचा जा आसा ता आसा, तेची लाज नाय…" "व्हय म्हाराजा!"

"पण रोग काय चेडू-झिलगो बघून येना नाय…" "व्हय म्हाराजा!"

"म्हणान कंडोम सगळ्यांनी वापरूचो…" "व्हय म्हाराजा!"

"आणि तेका खोबऱ्याचा तेल लावूचा नाय!"

इथे वर्ग कोसळला. मुली तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. कामत मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. आणि मग हळूहळू वर्ग शांत झाला, कारण सर हसत नव्हते. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं की तेलाने ते रबर कमकुवत होतं आणि फाटतं. पाण्यावर आधारलेलं वंगण वापरायचं, ते आमच्याकडे मागा.

माझ्या सादरीकरणात हे होतं. मी लिहिलं होतं, "तेलयुक्त पदार्थ टाळावेत." ज्या घरांत केसांपासून देवाच्या दिव्यापर्यंत सगळीकडे खोबरेलच वापरतात, तिथल्या मुलांना "तेलयुक्त पदार्थ" म्हणजे भजी वाटली असतील. पण माहिती तीच होती. माहिती माझी होती. पुढच्या गुरुवारपासून मागच्या दाराने मुलं यायला लागली, ती सरांकडे.

मला हेवा वाटला. अजून वाटतो.

आता एका मुलाची गोष्ट. त्याचं गाव, कॉलेज, वर्ष मी सांगणार नाही. तो आज या सभागृहात आहे की नाही, हेही सांगणार नाही, तेव्हा कृपा करून कुणी मान वळवू नये. जेवढं सांगते आहे तेवढं सांगायला त्याने स्वतः होकार दिला आहे. ओळख पटेल अशा दोन गोष्टी मी बदलल्या आहेत. कुठल्या, ते विचारू नका.

चतुर्थीचे दिवस होते. सर गणपतीसाठी गावी, आणि त्यांच्या गावात फोन लागायचा तर विहिरीपलीकडच्या कातळावर चढावं लागतं. सर चढले नव्हते. मी एकटी. मागचं दार वाजलं. मी उघडलं. मुलगा.

"सर आसत?"

"नाहीत. सोमवारी येतील."

"मगे सोमवारी येतंय."

हे नेहमीचंच. पण तो गेला नाही. एक पाय चपलेत, एक पाय उंबऱ्यावर, असा उभा राहिला. मी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काय नाय." मी विचारलं, "तपासणी करायची आहे का?" "नाय." "मग?" "सरांकडेच बोलूचा होता."

मला राग आला, हे कबूल करते. त्याच्यावर नाही. सरांवर. माणूस कातळावर चढला नव्हता आणि तरी इथे त्याचंच राज्य.

पण त्या रागाच्या खाली मला दुसरं काहीतरी कळत होतं. असुरक्षित संबंध आला असेल, कंडोम फाटला असेल आणि समोरच्याची तपासणी माहीत नसेल, तर संसर्ग टाळण्याच्या गोळ्या असतात. त्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. सोमवारी त्यांचा उपयोग नसता. हा मुलगा मला सांगण्यापेक्षा सोमवारपर्यंत थांबायला तयार होता. मी सांगते ना, हेवा हा शब्द मी हौसेने वापरत नाही. आपल्यापाशी न बोलण्यासाठी एखादा आपला जीव धोक्यात घालायला तयार आहे, हे दारात उभं राहून बघावं लागतं, तेव्हा जे वाटतं त्याला मला दुसरा शब्द सापडलेला नाही.

मला हसता येत नाही. मला डोळ्यांत बघून धीर देता येत नाही. मी दार त्याच्यासाठी तसंच उघडं ठेवलं, आतलं दारही उघडं टाकून माझ्या टेबलाशी गेले, त्याच्याकडे पाठ केली आणि कामाला लागले. मी म्हटलं, "मला काम आहे. मी वर बघणार नाही. तू ऐक नाहीतर जा." आणि टेबलावरच्या यंत्राला सांगावं तसं एकेक वाक्य म्हणायला लागले.

"काही वेळा माणसाकडून काळजी घ्यायची राहते, किंवा घेऊनही घोटाळा होतो."

मी पुढची नळी उचलली.

"त्याच्यासाठी गोळ्या असतात. त्या तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. सोमवारी चालणार नाही."

मला वाटलं, गेला. आणि मग पाठीमागून, अगदी बारीक आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

माझा हात थांबला. पण मी वळले नाही. एवढी अक्कल मला होती.

"ते काल झालेलं असू शकतं."

"व्हय म्हाराजा."

"कंडोम वापरलेला असू शकतो. तो फाटलेला असू शकतो."

"…व्हय म्हाराजा." मग थोड्या वेळाने, "म्याडम, खोबऱ्याचा तेल लावलेला."

"त्या गाऱ्हाण्याला नव्हतास?"

"नाय. माझो मित्र होतो थंय. तेणा माका दाराचा सांगितला, व्हय म्हाराजाचा सांगितला. तो मेलो तेलाचा सांगूक इसारलो."

मी डॉक्टर साहेबांना फोन केला. साहेब, तुम्ही उकडीच्या मोदकांच्या पानावरून उठून आलात. शर्टाची बटणं जिन्यावर लावलीत. त्या मुलाला तपासलंत, गोळ्या लिहून दिल्यात, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते असं, की "कोणाचो तू" हे तुम्ही विचारलं नाहीत. तुम्हाला ओठांवर आलेलं मी पाहिलं. तुम्ही ते गिळलंत. माझ्या पाहण्यात या जिल्ह्यात असं करणारे तुम्ही दुसरे. पहिले कोण, ते आज शाल घेऊन बसले आहेत.

मुलाने अठ्ठावीस दिवस गोळ्या घेतल्या. ठरलेल्या वेळी तपासण्या केल्या. शेवटचा निकाल आला, तो जगात सगळ्यांत आधी मला कळला. चांगला होता. मी तो पलीकडे दिला. भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं. "थँक्यू सर" ऐकू आलं.

मी काम करत राहिले. मग आतल्या दारात कुणीतरी आलं. मी सवयीने वर बघितलं, तर तो मुलगा माझ्याकडे पाठ करून उभा होता. भिंतीकडे तोंड. भिंतीला म्हणाला, "म्याडम, तुम्ही बघीत नाय, ता बरा असता." आणि गेला.

सर दारात होते. त्यांनी ऐकलं होतं. मग म्हणाले, "संचिता, खरा सांगू? माका तुझो हेवो वाटलो गो. इतकी वर्षा मी समोर खुर्ची घेवन बसतंय. पाठ करून बसूचा माका नाय सुचला."

मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. अर्धा तास. मग पुढचा मुलगा आला, त्याने डोकं आत घातलं आणि विचारलं, "सर आसत?"

गेल्या आठवड्यात सरांनी मला चार्ज दिला. कपाटाची किल्ली दिली, पंखा तीनवर ठेवला की आवाज करतो ते सांगितलं, फणसाचे गरे कुणाकुणाला पोचवायचे ते सांगितलं. त्या मुलांचा विश्वास मात्र चार्जमध्ये देता येत नाही. तो सर कोल्हापूरला घेऊन चालले आहेत. तिथे ते नव्या समुपदेशकांना शिकवणार, पदोन्नती आहे, आनंदच आहे. मला आता कोल्हापूरच्या त्या अनोळखी माणसांचाही हेवा वाटायला लागला आहे. यादी वाढतेच आहे.

पण एक वस्तू ते नेऊ शकत नाहीत. ते दार. सर नसले तरी दार असलं तर मुलगा उंबऱ्यापर्यंत येतो. उंबऱ्यापर्यंत आला तर कुणीतरी पाठ करून का होईना, त्याच्याशी बोलू शकतं. दारच नसलं तर तो ओट्यावरच्या रांगेकडे बघेल आणि स्टँडवर परत जाईल.

साहेब, सलाईनची अडचण खरी आहे. मागच्या पावसात जुन्या भांडारात पाणी आलं, खोकी भिजली, ती मीही उचलली आहेत. पण क्ष-किरण विभागाच्या मागची खोली कोरडी आहे. मोडक्या खुर्च्या बाहेर काढल्या तर सगळी खोकी तिथे मावतात. मी आणि धोंडूमामांनी टेप लावून बघितलं आहे. मी हे आपल्याला दोनदा सांगितलं. आपण दोन्ही वेळा म्हणालात, "बघू." आपण मोदक सोडून आलेले डॉक्टर आहात, म्हणून त्या "बघू"वर मी अजून आशा ठेवून आहे. पण सोमवार जवळ आहे.

म्हणून आता सरांकडून शिकलेली एकच गोष्ट मी त्यांच्या देखत वापरणार आहे. मी या ऑफिसात कधी मालवणीत बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आज बोलते. चपला काढते. आपण सगळ्यांनी उभं राहावं अशी विनंती. व्यासपीठावरच्या मान्यवरांनीही. धोंडूमामा, काही चुकलं तर तिथूनच ओरडा.

बा देवा म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

आवाज कमी आला. नमुना अपुरा आहे. पुन्हा घेते. बा देवा म्हाराजा!

— व्हय म्हाराजा!

आज जी काय ल्हान-थोर माणसा हय जमली आसत…

— व्हय म्हाराजा!

तेंचो गुरुप्रसाद आज घाट चढान कोल्हापुराक जाता, तेका आणि चारुतावैनीक थंय सुखात ठेव…

— व्हय म्हाराजा!

पण थंयची पोरा तेका आमच्यापेक्षा जास्त आवडू देव नको…

— व्हय म्हाराजा!

तेची खुर्ची रिकामी रवता, ती लवकर भर…

— व्हय म्हाराजा!

आणि तोवर जी काय पोरा गुरुवारी येतली, कोणाचा मन खंयय जाव, तेंका कोणी "कोणाचो तू" म्हणान विचारू नये…

— व्हय म्हाराजा!

सलाईनच्या खोक्यांका क्ष-किरणाच्या मागली खोली गावांदे…

— व्हय म्हाराजा!

आणि मागला दार उघडा रवांदे!

— व्हय म्हाराजा!

बसा. धन्यवाद.

अध्यक्ष महोदय, शेवटच्या ओळीला माझ्या पाठीमागून, व्यासपीठावरूनही एक आवाज आला. चांगला मोठा आला. कोणाचा, ते मी वळून पाहिलं नाही. मी पाहत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण गाऱ्हाण्यात एकदा म्हटलेलं मागे घेता येत नाही, हे धोंडूमामा सांगतील. क्ष-किरण विभागाच्या मागच्या मोडक्या खुर्च्या आम्ही उद्या सकाळीच बाहेर काढू.

हा कार्यक्रम ज्यांनी जुळवून आणला त्यांचे, मला वेळ दिल्याबद्दल अध्यक्षांचे, एक वर्ग दिल्याबद्दल कामत मॅडमचे, आणि माझं हसणं थांबवल्याबद्दल सावित्री सिस्टरांचे आभार मानते. निरोपाच्या दिवशी हेव्याचं बोलले, औचित्य सोडून काही शब्द मोठ्याने उच्चारले, देवाचं गाऱ्हाणं खोक्यांसाठी वापरलं. काय चुकला माकला आसात, ता पदरात घेवा.

सर, आपण सुखरूप जा. येत्या गुरुवारी दुपारी मी दार उघडून टेबलाशी बसेन, पाठ करून. कुणीतरी उंबऱ्यावर येईल आणि विचारेल, "सर आसत?" मी सांगेन, नाहीत. आणि थांबेन.